नेपाळी खुकुरी विकत घेताना: पाते, पाणी आणि मूठ पारखण्याची रीत

पशुपतिनाथ-मुक्तिनाथाची यात्रा करून परतणाऱ्या मराठी मंडळींच्या सामानात रुद्राक्षाच्या माळा आणि पश्मिना शालींच्या जोडीला पुष्कळदा एक खुकुरीही असते. आपल्याकडे तिला कुकरी म्हणण्याचा प्रघात आहे. काठमांडूच्या थमेल भागात खुकुऱ्यांची दुकाने जवळजवळ लागून आहेत. सहल कंपनीने खरेदीसाठी दिलेला वेळ तासा-दीड तासाचा असतो, आणि गिऱ्हाईक म्यानावरची पितळी नक्षी, मुठीवरचे सिंहाचे तोंड आणि पात्याची चकाकी पाहून भाव करू लागते. ज्या पात्यासाठी ही वस्तू जगभर ओळखली जाते, ते पाते नीट पाहण्याचे मात्र राहून जाते.

खुकुरीचे मोल खरे पाहता दोन जागी ठरते. पहिली जागा म्हणजे पात्याचे पोट, म्हणजे जिथे पाते सर्वांत रुंद असते आणि घाव बसतो तो भाग. तिथल्या धारेला लोहाराने पाणी कसे दिले आहे, म्हणजे तापवून झटकन थंड करीत तिला टणक कसे केले आहे, यावर ती धार टिकणार की पहिल्याच सुक्या लाकडावर मुडपणार हे अवलंबून असते. दुसरी जागा म्हणजे पाते जिथे मुठीत शिरते तो सांधा. हा सांधा कच्चा असेल तर घाव घालताना पाते मुठीतून निसटू शकते, आणि पाऊण किलोचे पाते हवेत निसटणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. बाकी सगळे, म्हणजे आकार, लांबी, नक्षी, म्यानाचा रंग, हा आपापल्या आवडीचा भाग आहे.

घेण्याआधी उपयोग ठरवावा

भिंतीवर लावायची खुकुरी, झाडाच्या फांद्या तोडायची खुकुरी आणि संग्रहासाठी घेतलेली जुनी खुकुरी या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत, आणि एकीची कसोटी दुसरीला लावण्यात अर्थ नाही. केवळ शोभेसाठी हवी असेल तर चांदीच्या नक्षीदार म्यानाची कोथीमोरा खुकुरी ही त्यातली मानाची जात समजली जाते. गोरखा पलटणींमध्ये निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांना अशी खुकुरी भेट देण्याची रीत आहे. मात्र स्वस्तात मिळणाऱ्या शोभेच्या खुकुऱ्यांवर ‘नेपाळ’ असे कोरलेले असते, पाते पातळ स्टेनलेस पत्र्याचे असते आणि तिला पाणी दिलेले नसते. तिच्यावर पैसे घालवायला हरकत नाही, पण तिने नारळ फोडायला जाऊ नये.

कामाची खुकुरी घ्यायची असेल तर नेपाळमध्ये रूढ असलेली काही नावे ठाऊक असलेली बरी, कारण दुकानदार त्याच नावांनी बोलतो. सिरू नावाच्या गवताच्या पात्यावरून नाव पडलेली ‘सिरुपाते’ ही अरुंद, हलकी आणि वेगाने फिरणारी असते. झुडपे आणि कोवळ्या फांद्यांसाठी ती उत्तम, पण जाड लाकूड फोडण्यासाठी ती बेताचीच. पूर्व नेपाळातील भोजपूर जिल्ह्यावरून ओळखली जाणारी ‘भोजपुरे’ पोटाशी चांगली रुंद असते आणि घरकामाला, शेतीला, सरपणाला सारखीच चालते. पहिलीच खुकुरी घेणाऱ्याने बाकीची नावे ऐकून घ्यावीत आणि हीच घ्यावी, असे माझे मत आहे. ‘आङखोला’ या प्रकारात पाठीलगत पात्याच्या दोन्ही अंगांना खोलगट भाग घडवलेला असतो, त्यामुळे पाठ जाड ठेवूनही वजन आटोक्यात राहते. ‘चिर्रा’ म्हणजे पात्यावर लांबीने काढलेल्या पन्हळी. दोन किंवा तीन चिर्रांचे पाते घडवायला अवघड असते, म्हणूनच त्या चिर्रा ठोकून काढल्या आहेत की यंत्राच्या चाकावर घासून, हे विचारावे.

कामाच्या खुकुरीचे पाते साधारण १० ते ११ इंच आणि एकंदर लांबी १५ ते १६ इंच असते. याहून मोठी घेण्याचा मोह बहुतेकांना होतो. मोठे पाते दुकानात हातात घेतल्यावर भारदस्त वाटते, पण दहा मिनिटे काम केल्यावर मनगट भरून येते आणि मग घाव जिथे पडायचा तिथे पडत नाही. दुकानात खुकुरी एक-दोनदा हलवून पाहण्यापेक्षा ती हात लांब करून मिनिटभर तशीच धरून ठेवावी. वजन झेपते की नाही ते हातच सांगतो.

पाते घडते कसे, हे आधी समजून घ्यावे

नेपाळीत लोहाराच्या भट्टीला ‘आरन’ म्हणतात. तिथे काम करणारे कारागीर परंपरेने कामी या समाजाचे, आणि आज त्यांच्यापैकी बरेच जण विश्वकर्मा हे आडनाव लावतात. म्यानाचे चामड्याचे काम परंपरेने सार्की समाजाकडे असते. (आरनवर प्रत्यक्ष गेल्यास कारागिराला जातीच्या नावाने हाक मारू नये, ‘दाइ’, म्हणजे दादा, म्हटले की पुरे. ज्या समाजाच्या हातची वस्तू राष्ट्राची ओळख झाली, त्याला तिथल्या समाजरचनेने शतकानुशतके अस्पृश्य ठेवले, हेही गिऱ्हाइकाने विसरू नये.)

पोलाद बहुतेक वेळा जुन्या ट्रकांच्या कमानीच्या पाट्यांचे असते. यात फसवणूक काहीच नाही. कमानीचे पोलाद धक्का सोसण्यासाठीच बनवलेले असते, त्यात कार्बनचे प्रमाण पाण्याला योग्य असते, आणि ते नेपाळच्या डोंगरातही सहज मिळते. पाटा तापवून कापतात, ऐरणीवर ठोकून त्याला पाठ, पोट आणि टोक देतात, मग कानशीने आणि चाकावर आकार साफ करतात. यानंतरची पायरी सगळ्यांत महत्त्वाची. पाते लाल होईपर्यंत तापवून बाहेर काढले जाते आणि कारागीर किटलीच्या तोटीतून पाण्याची बारीक धार पात्याच्या कडेवरून, मुख्यतः पोटाच्या भागावर, मागे-पुढे फिरवत सोडतो. कड झटकन थंड होते आणि टणक बनते. पाठ मात्र अजून तापलेलीच असते. पाठीतली ती उष्णता हळूहळू कडेकडे सरकते आणि टणक झालेल्या धारेचा ठिसूळपणा कमी करते. हे सरकणे पात्यावर उमटणाऱ्या रंगांवरून ओळखायचे आणि नेमक्या क्षणी पुन्हा पाणी सोडून ते थांबवायचे, ही सारी नजर कारागिराची असते. तिथे तापमापक नसतो.

या पद्धतीमुळे एकाच पात्याचा टणकपणा जागोजागी निराळा असतो. पोटाशी धार सर्वांत टणक, टोकाकडे आणि मुठीकडे थोडी मऊ, आणि पाठ तर चांगलीच मऊ. मऊ पाठ धक्का पचवते, टणक धार कापते. म्हणून एखादा विक्रेता संपूर्ण पात्याचा रॉकवेल टणकपणा (पोलादाचा टणकपणा मोजण्याचे माप) एकाच आकड्यात सांगू लागला, तर एकतर तो पाते ओळखत नाही किंवा ते पाते या रीतीने घडलेले नाही. धारेपाशी ५५ ते ५८ च्या आसपासचा आकडा कामाच्या खुकुरीला चांगला. कमानीच्या पोलादाच्या खुकुरीला कोणी ६५ सांगत असेल तर हसून पुढच्या दुकानात जावे. तीच गोष्ट लाटालाटांच्या नक्षीच्या ‘दमास्कस’ खुकुऱ्यांची. ती नेपाळी घडणीची परंपरा नव्हे, आणि पुष्कळदा ती नक्षी वरवर आम्लाने उमटवलेली असते.

हातात घेतल्यावर काय पाहावे

सुरुवात डोळ्यांनी करावी. खुकुरी मुठीच्या टोकाकडून डोळ्याच्या पातळीवर धरून पाठीच्या कडेवरून टोकाकडे नजर टाकावी. पाते डावीकडे किंवा उजवीकडे वळलेले असेल तर ते लगेच दिसते. पाणी देताना पाते वाकणे ही सामान्य गोष्ट आहे आणि चांगला कारागीर ते लगेच सरळ करतो. न केलेले पाते त्याने घाईत सोडलेले असते. त्याच नजरेत मूठ आणि पाते एका रेषेत आहेत का तेही पाहावे. पाठ मुठीपाशी जाड आणि टोकाकडे हळूहळू पातळ होत गेलेली हवी. सगळीकडे एकाच जाडीची पाठ म्हणजे पाटा कापून नुसता घासला आहे, ठोकलेला नाही, असे समजायला हरकत नाही.

हातघडणीच्या पात्यात बारीकसारीक असमानता असतेच. दोन बाजूंच्या चिर्रा केसभर पुढे-मागे असणे, पाठीवर हातोड्याचा एखादा पुसट खोल ठसा राहणे, मुठीजवळची खाच अगदी मोजून कापलेली नसणे, हे दोष नव्हेत. उलट दुकानातल्या दहा खुकुऱ्या तंतोतंत एकसारख्या असतील तर त्या साच्यातून आल्या असाव्यात.

मुठीजवळची ती खाच, जिला ‘कौडी’ म्हणतात, तिच्याविषयी दुकानात चार-पाच कथा ऐकायला मिळतील: ती गायीच्या खुराचे चिन्ह आहे, शिवाचे त्रिशूल आहे, रक्त मुठीकडे वाहू नये म्हणून आहे. ज्याने त्याने आपल्याला भावेल ती मानावी. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की पात्याला छेद देणारी ही जागा आहे आणि तिथून तडा जाण्याचा धोका असतो. खाचेच्या तळाशी कोपरे धारदार असण्यापेक्षा किंचित गोलसर असलेले बरे, आणि तिथून निघणारी केसासारखी रेघ दिसली तर ते पाते ठेवून द्यावे.

तड्यांचा शोध धारेवरही घ्यावा, कारण पाण्यात झटकन थंड केलेल्या पोलादाला आडवे तडे जाऊ शकतात आणि ते पोटाच्या भागातच जातात. धार उजेडाकडे करून सावकाश फिरवावी. महागाची खुकुरी घेत असाल किंवा मागणी देऊन बनवून घेतली असेल, तर एक जुनी, भरवशाची चाचणी करता येते. पात्याला पातळ तेल चोळून काही मिनिटे तसेच ठेवावे, मग कोरड्या फडक्याने अगदी स्वच्छ पुसावे आणि वरून खडूची बारीक पूड भुरभुरावी. तडा असेल तर त्यात शिरलेले तेल हळूहळू वर येते आणि पांढऱ्या पुडीवर एक ओलसर, गडद रेघ उमटते. पात्यावरची आडवी रेघ म्हणजे नकार. मुठीकडे लांबीने जाणारी बारीक रेघ पोलादाच्या घडीतली असू शकते, पण ती धारेपर्यंत पोचली असेल तर तिलाही नकारच द्यावा.

आता पाण्याची परीक्षा. त्यासाठी खिशात एक बारीक कानस असावी. दुकानदाराची परवानगी घेऊन, पोटाच्या भागात धारेपासून जरा वर, म्यानात झाकली जाईल अशा जागी, कानस हलक्या हाताने एकदाच ओढावी. चांगले पाणी दिलेले पोलाद कानशीला चावू देत नाही. कानस घसरते आणि आवाज बारीक, काचेवर ओढल्यासारखा येतो. मग तीच कानस पाठीवर ओढावी. तिथे ती चावली पाहिजे आणि पोलादाचा बारीक कीस निघाला पाहिजे. दोन्हीकडे घसरत असेल तर सगळे पाते सारखेच टणक, म्हणजे ठिसूळ होण्याची भीती. दोन्हीकडे चावत असेल तर पाणी दिलेलेच नाही, किंवा दिले होते आणि नंतर उतरले. हे पाणी उतरणे पुष्कळदा चकाकीमुळे होते. पाते बफच्या चाकावर चकचकीत करताना पातळ धार तापली तर तिचा टणकपणा जातो, आणि तापल्यामुळे आलेली निळसर झाक त्याच चाकावर पुसलीही जाते. म्हणून फार चकाकणाऱ्या पात्याची कानशीने परीक्षा जरा जास्तच काळजीने करावी. कानस लावू न देणारा दुकानदार लबाडच असतो असे नाही, कारण चकचकीत पात्यावर ओरखडा पडला की ते विकले जात नाही. पण त्याच घडणीचे, न चकाकवलेले दुसरे पाते दाखवायला तो तयार असावा.

शेवटी मूठ सैल धरून, पात्याच्या पाठीवर बोटाच्या नखाने टिचकी मारावी. घट्ट बसवलेले, अखंड पाते थोडा वेळ निनादते. बोदा आवाज आला तर सांधा सैल आहे किंवा कुठे तरी तडा आहे, आणि मग पुन्हा एकदा सगळे पाहावे.

मूठ आणि तिचा सांधा

मुठीचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात पात्याची निमुळती शेपटी मुठीच्या आरपार जाते आणि मागच्या बाजूला ‘चाप्री’ नावाच्या धातूच्या टोपीवर ठोकून पसरवलेली असते. शेपटी मुठीत बसवताना ‘लाहा’ नावाचा, राळेसारखा नैसर्गिक पदार्थ वितळवून ओततात. तो थंड झाला की घट्ट धरतो. दुसऱ्या प्रकारात, ज्याला ‘पानावल’ म्हणतात, मुठीइतकेच रुंद पोलाद शेवटपर्यंत जाते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे किंवा शिंगाचे तुकडे रिव्हेटने बसवतात. जोरकस कामासाठी पानावल अधिक निर्धास्त, तर आरपार शेपटीची मूठ हाताला कमी धक्का देते आणि वजनाला हलकी पडते. दोन्ही चांगल्या, वाईट ती तिसरी, जिची शेपटी मुठीच्या निम्म्यातच संपते. ती ओळखायची खूण म्हणजे मुठीच्या मागे ठोकलेल्या शेपटीचे टोक दिसत नाही, किंवा दिसते ते नुसते चिकटवलेले पितळी बटण असते.

‘कञ्जो’, म्हणजे मूठ आणि पाते यांमधली धातूची कडी, हिच्याभोवती फट असू नये. फटीत लाहा भरलेला असेल तर तो काळसर, ठिसूळ चुऱ्यासारखा दिसतो; थोडा असणे चालते, पण तो सगळी फट भरण्याचे काम करीत असेल तर मूठ मुळात नीट कोरलेली नाही. पाते फडक्यात गुंडाळून एका हातात धरावे आणि दुसऱ्या हाताने मूठ पिळून पाहावी. अगदी सूक्ष्म हालचालही पुढे वाढतच जाते. लाहा उष्णतेने मऊ होतो, हे लक्षात ठेवून उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत खुकुरी ठेवू नये.

मुठीसाठी म्हशीचे शिंग आणि सिसौ, म्हणजे शिसवाच्या जातीचे लाकूड, हे दोन प्रचलित पदार्थ. शिंग दिसायला देखणे, पण कोरड्या हवेत ते आकसते आणि त्याला चिरा पडतात, आणि दमट जागी पडून राहिले तर कीड ते पोखरते. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात वापरायची खुकुरी लाकडी मुठीचीच घ्यावी. सांबराच्या किंवा हरणाच्या शिंगाची, हस्तिदंताची मूठ कोणी कौतुकाने दाखवली तर ती हातातही घेऊ नये. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अशी वस्तू बाळगणे अंगाशी येते.

परंपरागत मुठीच्या मध्यावर एक उंचवटा असतो आणि टोकाशी ती पसरट होते. पसरट टोकामुळे घाव घालताना हात निसटत नाही. उंचवटा मात्र मोठ्या पंजाच्या माणसाला तळहातात टोचतो आणि फोड येतात. नेपाळी मुठी आकाराने लहानही असतात. आपली चारही बोटे मोकळेपणी बसत नसतील तर दुकानदाराला तसे सांगावे, कारण मूठ बदलून देणे आरनवर फार अवघड नसते.

म्यान, कर्दा आणि चक्मक

‘दाप’, म्हणजे म्यान, लाकडाच्या दोन फाळ्या जोडून आणि वरून म्हशीचे चामडे शिवून बनवतात. खुकुरी म्यानात घालून म्यान उलटे धरावे. आपल्या वजनाने पाते बाहेर घसरता कामा नये, पण ओढल्यावर अडखळताही कामा नये.

इथे एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. म्यान धरताना बोटे त्याच्या भोवती वळवू नयेत. पात्याची पाठ ज्या बाजूला असते त्या बाजूनेच म्यान तळव्यात धरावे आणि पाठ म्यानाला टेकवत पाते बाहेर काढावे. धारेच्या बाजूची लाकडी फट जुनी झाली की उकलते, आणि झटक्यात ओढलेले पाते चामड्यासकट बोटेही कापते. खुकुरीने झालेल्या जखमांत ही जखम सर्रास आढळते, आणि ती दुकानात, दुसऱ्यांना दाखवण्याच्या उत्साहात होते. एकदा उपसलेली खुकुरी रक्त चाखल्याशिवाय म्यानात जात नाही, ही कथा पर्यटकांसाठी आहे. नेपाळच्या खेड्यांत ती दिवसातून कितीतरी वेळा भाजी चिरायला आणि सरपण फोडायला उपसली जाते.

म्यानाच्या मागच्या कप्प्यात दोन लहान पाती असतात. ‘कर्दा’ हा छोटा चाकू, आणि ‘चक्मक’ हे बोथट पाते धारेवर घासून ती सरळ करण्यासाठी व गारगोटीवर आपटून ठिणगी पाडण्यासाठी असते. चक्मकीवरही कानस घसरली पाहिजे; बहुतेक स्वस्त खुकुऱ्यांत ती मऊ लोखंडाची, निव्वळ नावापुरती असते. मुख्य पात्यावर कानस लावू न देणारा दुकानदार चक्मकीवर बहुधा लावू देतो, आणि चक्मक नीट घडवणाऱ्या आरनचे पातेही सहसा नीटच असते.

जुन्या खुकुऱ्यांवरील अक्षरे

संग्रहासाठी जुनी खुकुरी पाहणाऱ्या मराठी माणसाला एक आयता फायदा आहे. नेपाळी शस्त्रागारातल्या जुन्या खुकुऱ्यांच्या पाठीवर ठोकलेली अक्षरे देवनागरीत असतात, आणि ती आपल्याला थेट वाचता येतात. राणा पंतप्रधानांच्या काळातल्या पात्यांवर ‘श्री ३’ या बिरुदानंतर त्या-त्या पंतप्रधानाचे नाव आणि पुढे साल, अशी अक्षरे आढळतात. साल विक्रम संवताचे असते, त्यातून साधारण ५७ वजा करायचे. ‘१९७०’ असे वाचून पाते १९७० मधले समजणारा विक्रेताही भेटतो. ते प्रत्यक्षात १९१३ च्या सुमाराचे असते. नाव आणि साल एकमेकांशी जुळते का, हे ताडून पाहावे. चंद्र शमशेर १९०१ ते १९२९ या काळात पंतप्रधान होते, म्हणजे संवत १९५८ ते १९८६. त्यांच्या नावापुढे संवत २००० असेल तर ठसा खोटा. गंजाचा रंगही पाहावा. अक्षरांच्या खोलीतला गंज बाहेरच्याइतकाच जुना, काळपट हवा. बाहेर काळे आणि अक्षरात चमकदार पोलाद असेल तर अक्षरे नंतर ठोकलेली आहेत.

१०० वर्षांहून जुनी वस्तू नेपाळच्या पुरातत्त्व विभागाच्या परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. नवी पण जुन्यासारखी दिसणारी खुकुरी घेतली तरी दुकानदाराकडून तसे स्पष्ट लिहिलेले बिल घ्यावे, नाही तर विमानतळावर वाद होतो.

भाव, प्रवास आणि कायदा

भाव विचारताना आकडा ‘एनसी’ की ‘आयसी’, म्हणजे नेपाळी रुपयांत की भारतीय रुपयांत, हे पहिल्यांदा विचारावे. १ भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे या एका प्रश्नाने भाव दीडपटीहून अधिक बदलतो. थमेलमध्ये घासाघीस चालते. पूर्वेकडे धरान किंवा भोजपूरला गेलात तर माल आरनच्या जवळचा आणि भाव कमी, पण केवळ खुकुरीसाठी भोजपूरचा घाट चढणे हौशी माणसाचेच काम. मागणी देऊन बनवून घ्यायची असेल तर दसैं, म्हणजे तिथला दसरा, सोडून वेळ निवडावी. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे पुजतात त्याच सुमाराला तिथे आरन बंद असतात. आणि डेहराडूनमध्येही खुकुऱ्या बनतात, तेव्हा भारतातल्या एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी घेतलेली खुकुरी नेपाळचीच असेल असे गृहीत धरू नये.

विमानात खुकुरी फक्त चेक-इन सामानात, म्यानासकट जाड फडक्यात गुंडाळून, बिलासह ठेवावी. हातातल्या सामानात ती जप्त होते. भारतातला कायदा मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत धारदार शस्त्रांच्या यादीत खुकुरीचा नावानिशी उल्लेख आहे. पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल, आणि ते घरगुती वा शेतीच्या कामासाठी बनवलेले नसेल, तर ते या यादीत येते, आणि केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या भागांत त्यासाठी परवाना लागतो. नेहमीची कामाची खुकुरी या मापांच्या पलीकडे सहज जाते. शिवाय महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीच्या काळात शस्त्र बरोबर बाळगण्यावर वेळोवेळी बंदी घातली जाते. म्हणून खुकुरी घरात किंवा शेतावर ठेवावी, बिल जपून ठेवावे, गाडीत किंवा कमरेला लावून हिंडू नये, आणि शंका असेल तर खरेदीआधीच जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे.

घरी आणल्यावर

हे कार्बनचे पोलाद आहे, गंजणारच. पावसाळ्यात तर कापलेल्या कैरीचा किंवा लिंबाचा रस पात्यावर अर्धा तास राहिला तरी डाग पडतो. काम झाले की पाते धुऊन, लगेच कोरडे करून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. नेपाळमध्ये मोहरीचे तेल लावतात, पण आठवड्यातून चारदा पाते वापरणाऱ्यालाच ते चालते. पडून राहिलेल्या पात्यावर खाद्यतेल चिकट होऊन बसते. चामड्याचे म्यान ओल धरते, तेव्हा जूनपासून सप्टेंबरपर्यंत खुकुरी म्यानाबाहेर, तेल लावून, सुती फडक्यात गुंडाळून, मुलांच्या हाताला न लागेल अशी ठेवावी.

धार लावताना रस्त्यावरच्या चाकवाल्याकडे देऊ नये; ठिणग्या उडवत फिरणारे ते चाक दोन मिनिटांत धारेचे पाणी उतरवते. खुकुरीची धार सपाट नसते, तर दोन्ही अंगांनी किंचित फुगीर असते, आणि मुठीजवळ ती आत वळते, त्यामुळे रुंद सपाट दगडही तिथे पोचत नाही. अरुंद दगड पात्यावर गोलाकार फिरवावा, किंवा बारीक पॉलिश पेपर चामड्याच्या तुकड्यावर चिकटवून पाते धारेच्या उलट दिशेने, म्हणजे पाठ पुढे ठेवून, ओढावे. चामडे दबते आणि फुगीरपणा टिकतो. मधल्या दिवसांत चक्मक पुरते. पहिल्या काही वापरांत पोटाची धार किंचित वळली तर घाबरू नये, चक्मकीने ती सरळ होते. मात्र धारेचे तुकडे उडत असतील तर त्या जागी पाते फार टणक राहिले आहे. तेवढा भाग दगडावर मागे सरकवून पाहावा. कडेच्या एक-दोन मिलीमीटरमागे पोलाद बहुधा नीट असते. तिथेही तुकडे उडत राहिले तर पाते विक्रेत्याकडे परत पाठवावे.